आकडा कोणाच्या हातचा?

नोव्हेंबर २०१५. पॅरिसची हवामान परिषद जेमतेम अडीच-तीन आठवड्यांवर आली असताना पाकिस्तानने आपला राष्ट्रीय हवामान संकल्प संयुक्त राष्ट्रांकडे दाखल केला. एक पान, साधारण साडेतीनशे शब्द. उत्सर्जन किती कमी करणार, कधीपर्यंत, कशाच्या तुलनेत, यातलं काहीच त्यात नव्हतं. खात्रीची माहिती हाती आली की बघू, असा त्याचा मथितार्थ. भारताने त्याआधी महिनाभर, गांधीजयंतीला, ३८ पानांचा दस्तऐवज दिला होता. जूनमध्ये इथिओपियाने तर चक्क क्षेत्रवार तक्ताच मांडला होता. २०३० साली आपलं उत्सर्जन ४० कोटी टनांवर जाईल, ते आपण साडेचौदा कोटींवर रोखू; बचतीतले १३ कोटी टन जंगलांतून, ९ कोटी शेती आणि पशुधनातून, उरलेले उद्योग, वाहतूक आणि इमारतींतून. एकूण घट ६४ टक्के.

पाकिस्तानच्या त्या एका पानाची तेव्हा बरीच थट्टा झाली. पण इथिओपिया काही पाकिस्तानपेक्षा श्रीमंत देश नव्हे. फरक तयारीचा होता. इथिओपियाने २०११ मध्येच आपलं हरित अर्थव्यवस्थेचं धोरण तयार केलं होतं. सोलमधल्या ‘ग्लोबल ग्रीन ग्रोथ इन्स्टिट्यूट’ची त्याला मदत होती, आणि पंतप्रधान मेलेस झेनावी स्वतः त्यामागे उभे होते. पाकिस्तानकडे तसा आयता पाया नव्हता. शिवाय चीनच्या मदतीने कोळशाची वीजकेंद्रं तिथे उभी राहायची होती, त्यामुळे आकडा देऊन हात बांधून घेण्याची कोणाला घाईही नसावी. माहितीचा तुटवडा आणि राजकीय सोय एकमेकांना कशी सांभाळून घेतात, याचा तो नमुना होता.

असे संकल्प तयार करण्यासाठी गरीब आणि विकसनशील देशांना बाहेरून कोणती मदत मिळाली आणि तिच्यातून काय हाती आलं, हा या लेखाचा विषय. माझं मत आधीच सांगून टाकतो. कागद तयार करायला मदत मिळाली, आणि ती अगदीच तुटपुंजी नव्हती. पण हिशेब करणारी माणसं देशातच घडावीत आणि टिकावीत, अशी मदत फार थोडी झाली. आपला आकडा ज्याला स्वतः मांडता येत नाही, त्याला तो वाटाघाटीत राखताही येत नाही.

या मदतीचं मूळ १९९२ च्या रिओ करारात आहे. विकसनशील देशांना आपल्या उत्सर्जनाची माहिती कळवण्यासाठी जो खर्च येईल, तो विकसित देशांनी ठरलेल्या हिशेबाने पूर्ण द्यायचा, असं त्याच्या चौथ्या कलमात आहे. गरीब देश आपली बंधनं कितपत पाळू शकतील हे श्रीमंत देश पैसा आणि तंत्रज्ञान कितपत देतात यावर अवलंबून राहील, अशीही नोंद त्याच कलमात आहे. भारतीय वाटाघाटीकार हे वाक्य गेली तीस वर्षं जपून वापरत आले आहेत. पैसा पोचवण्याचं काम जागतिक पर्यावरण निधीकडे, म्हणजे ‘जेफ’कडे आलं.

पण तोवर प्रश्न माहिती कळवण्यापुरता होता. वचन द्यायचं ते श्रीमंतांनी, हा १९९७ च्या क्योटो कराराचा नियम. तो कोपनहेगनला २००९ मध्ये सैल झाला आणि २०१३ च्या वॉर्सा परिषदेत पुरता बदलला. सगळ्याच देशांनी पॅरिसच्या आधी आपापला संकल्प घेऊन यायचं ठरलं. ज्यांची तयारी असेल त्यांनी २०१५ च्या पहिल्या तिमाहीत. त्याच ठरावात श्रीमंत देशांना आणि निधी संस्थांना विनवलं होतं, की या तयारीसाठी लागणारी मदत २०१४ मध्ये शक्य तितक्या लवकर द्या.

वेळापत्रकाची गोम इथेच होती. ज्या देशात ऊर्जेचा ताळेबंद धड छापला जात नाही, जंगलाचं शेवटचं मोजमाप दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं आहे आणि पर्यावरण खात्यात हवामानाचं टेबल सांभाळायला दोन माणसं आहेत, त्याने वर्ष-दीड वर्षात २०३० पर्यंतचा अंदाज बांधायचा, उपाय निवडायचे, त्यांची किंमत काढायची, अर्थ आणि ऊर्जा खात्यांशी भांडायचं आणि मंत्रिमंडळाची मान्यता घ्यायची. ‘जेफ’कडून यासाठी देशागणिक साधारण दोन लाख डॉलर मिळाले, तेव्हाच्या भावाने सव्वा कोटी रुपये. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने विभागवार बैठका घेतल्या. जर्मनीच्या ‘जीआयझेड’ या विकास संस्थेने तज्ज्ञ पाठवले, मार्गदर्शक पुस्तिका निघाल्या. १ ऑक्टोबर २०१५ पर्यंत १४७ देशांचे मिळून ११९ संकल्प बॉनला, संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कचेरीत पोचले होते. युरोपीय संघाचा एकच धरला जातो, म्हणून हे दोन आकडे वेगळे.

एवढ्या थोड्या वेळात हे जमलं, यात त्या मदतीचा वाटा मोठा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. मात्र एवढ्या थोड्या वेळात हे जमवायचं तर एकच मार्ग असतो, सल्लागार बोलावणं. तो येतो, खात्याकडे असेल ती माहिती घेतो, ‘लीप’ नावाच्या संगणक प्रणालीत किंवा ‘गॅक्मो’ नावाच्या तक्त्यात ती भरतो, राजधानीतल्या हॉटेलात दोन कार्यशाळा होतात, मसुदा तयार होतो आणि सल्लागार पुढच्या देशाला निघतो. ही साधनं चांगली आहेत. ‘लीप’ स्टॉकहोमच्या पर्यावरण संस्थेचं, विकसनशील देशांच्या सरकारांना फुकट मिळतं, आणि पहिल्या फेरीत तीसहून अधिक देशांनी ते वापरलं. पण त्या तक्त्यात कोणते आकडे कोणत्या गृहीतावर भरले, हे सांगणारं माणूस सरकारी कचेरीत उरलं नाही, तर पाच वर्षांनी पुढचा संकल्प करताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

हे किती बारीक पातळीवर नडतं, ते गायीच्या हिशेबातून नीट दिसतं. गुरांच्या रवंथातून मिथेन निघतो. पूर्व आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांच्या उत्सर्जनात याचा वाटा मोठा आहे. आपली मोजणी नसेल, तर ‘आयपीसीसी’ या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान शास्त्रज्ञांच्या समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेतले ठोक दर वापरायचे असतात. आफ्रिकेसाठी दुभत्या गायीमागे वर्षाला ४६ किलो आणि इतर गुरामागे ३१ किलो मिथेन. गुरांची संख्या गुणिले हा दर, झालं काम. आता समजा, सरकारने चारा सुधारला, जनावराचं आरोग्य सुधारलं आणि तीच गाय दीडपट दूध देऊ लागली. लिटरमागचं उत्सर्जन उतरलं. पण ठोक हिशेबात त्याचा मागमूसही लागत नाही, कारण तिथे मोजली जातात फक्त डोकी. तिथे घट दाखवण्याचा एकच उपाय, गुरं कमी करणं. आणि ते सांगणारा पशुसंवर्धन मंत्री पुढची निवडणूक लढवू शकत नाही. म्हणजे संकल्पात ‘पशुधनाची उत्पादकता वाढवू’ असं लिहिलं तरी ते पाळलं की नाही, हे कधी सिद्धच करता येणार नाही.

यातून वाट काढायची तर विभागवार गायींची वजनं, दूध, चाऱ्याचा कस अशी माहिती गोळा करून आपले दर बसवावे लागतात. केनियाने दुभत्या गुरांसाठी हे केलं, त्याला न्यूझीलंडची मदत होती. आता सुधारलेल्या चाऱ्याचं श्रेय केनियाच्या वहीत दिसू शकतं. बाहेरची मदत कुठे खर्च व्हावी याचं एवढं चांगलं उदाहरण मला दुसरं चटकन सुचत नाही. पण त्यात परिषदेत टाळ्या घेण्यासारखं काही नाही. पशुसंवर्धन खात्यातल्या कारकुनाने दरवर्षी न चुकता करायचं ते काम आहे.

भारताला हा धडा फार आधी आणि कडू चवीचा मिळाला. १९९०-९१ च्या सुमारास वॉशिंग्टनच्या ‘वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट’ने जगातल्या हरितगृह वायूंचा देशवार हिशेब मांडला आणि त्यात भारत, चीन, ब्राझील हे मोठ्या दोषींच्या पंक्तीत जाऊन बसले. दिल्लीचे पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये त्या मांडणीवर जोरदार हल्ला चढवला. पोटासाठी भात पिकवणाऱ्याचा मिथेन आणि चैनीच्या मोटारीचा धूर एकाच तागडीत तोलायचा का, हा त्यांचा सवाल होता. पण वादावर न थांबता मोजणीही झाली, हे महत्त्वाचं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा अंदाज होता, की भारतातली भातखाचरं वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन सोडतात. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली भारतीय शास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये देशभरच्या शेतांवर प्रत्यक्ष मापन केलं आणि आकडा आला ४० लाख टनांच्या आसपास. नऊपटींचा फरक. आधीचा अंदाज परदेशातल्या शेतांवरच्या मोजमापावरून ताणलेला होता; आपल्याकडची बरीचशी भातशेती पावसावरची, खाचरात पाणी सतत साचून राहत नाही, जमिनीत सेंद्रिय कर्बही कमी.

मित्रा यांच्या पथकाने चिखलात उतरून ती मापं घेतली नसती, तर पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत तो नऊपट आकडा भारताच्या माथी बसला असता. पुढे भारताने २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांना पहिला राष्ट्रीय अहवाल दिला. त्याला पैसा ‘जेफ’चा होता, पण काम शंभराहून अधिक भारतीय संशोधक गटांत वाटलेलं होतं. परदेशी पैसा आणि देशी हिशेब ही सांगड तिथे जमली. त्यामुळे प्रकाश जावडेकर पर्यावरणमंत्री असताना २०१५ चा संकल्प तयार झाला, तेव्हा दिल्लीला बाहेरच्या सल्लागाराचं तोंड बघावं लागलं नाही. जाता जाता: तीच ‘वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट’ आज विकसनशील देशांच्या संकल्पांना मदत करणाऱ्या सर्वांत मोठ्या भागीदारीचं कार्यालय चालवते, आणि मुंबई महापालिकेच्या २०२२ च्या हवामान कृती आराखड्यालाही तिच्याच भारतीय शाखेचं साहाय्य होतं. संस्थाही शिकतात म्हणायचं.

देशी हिशेबाचं याहून ठसठशीत उदाहरण दक्षिण आफ्रिकेचं आहे. २००५ ते २००७ या काळात तिथे दीर्घ पल्ल्याच्या उत्सर्जनाची चित्रं रंगवण्याचा उद्योग झाला. केप टाऊन विद्यापीठाचे हॅराल्ड विंकलर आणि सहकारी आकडेमोड करत होते. पण गृहीतं काय धरायची हे ठरवायला सरकारी अधिकारी, कोळसा आणि वीज कंपन्यांचे लोक, कामगार संघटना आणि स्वयंसेवी संस्था एका टेबलाभोवती बसल्या होत्या. काहीच न करता वाढत गेलो तर कुठे पोचू, आणि विज्ञान मागतं ते केलं तर कुठे, या दोन टोकांमधली दरी सगळ्यांनी मिळून मोजली. २००८ मध्ये मंत्रिमंडळाने ते स्वीकारलं आणि कोपनहेगनला देशाने जो आकडा दिला (२०२० पर्यंत अपेक्षित वाढीच्या ३४ टक्के खाली), तो याच कामातून आला. कोळशावर जगणाऱ्या देशात हा आकडा कुणी ‘परक्यांनी लादला’ म्हणून उडवून लावू शकलं नाही, कारण कोळसावाल्यांनी तो बनताना पाहिला होता.

या कामाची पुढची फळं दोन. एक, केप टाऊनच्या मंडळींनी हीच पद्धत चिली, पेरू, कोलंबिया आणि ब्राझीलमध्ये नेली. दक्षिणेने दक्षिणेला शिकवण्याचा हा प्रकार या क्षेत्रात दुर्मीळच. दुसरं, २०२१ मध्ये सरकारने २०३० साठी ३९.८ ते ४४ कोटी टनांचा मसुदा मांडला तेव्हा देशातल्याच राष्ट्रपती हवामान आयोगाने तो पुरेसा नसल्याचं दाखवून दिलं आणि शेवटी ३५ ते ४२ कोटी टन असा पट्टा ठरला. त्याच वर्षी ग्लासगोच्या हवामान परिषदेत पाच पाश्चात्त्य भागीदारांनी दक्षिण आफ्रिकेला कोळशातून बाहेर पडण्यासाठी ८.५ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. तिच्या पोटात शिरलं तर अनुदान चार टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक कर्ज आणि हमी. ते उघडकीला आणण्याइतका हिशेब दक्षिण आफ्रिकेला येत होता, हाही त्याच जुन्या उद्योगाचा लाभ.

पॅरिसनंतर मदतीचं दालन बरंच वाढलं. २०१६ मध्ये माराकेशला जर्मनी आणि मोरोक्कोच्या पुढाकाराने ‘एनडीसी पार्टनरशिप’ (एनडीसी म्हणजे हेच राष्ट्रीय संकल्प; वर उल्लेखलेली भागीदारी ती हीच) सुरू झाली. देशाने गरजांची यादी द्यायची, सभासद देश आणि संस्थांनी आपल्याला जमेल ते उचलायचं, अशी तिची रीत. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाने ‘क्लायमेट प्रॉमिस’ आणलं, त्याचा लाभ सुमारे १२० देशांनी घेतला. हरित हवामान निधीने पूर्वतयारीसाठी देशाला वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत देण्याची सोय केली. पारदर्शकतेच्या अहवालांसाठी ‘जेफ’मध्ये वेगळा कप्पा निघाला. दुसऱ्या फेरीतले दस्तऐवज पहिल्या फेरीपेक्षा जाडजूड आणि नेमके झाले यात शंका नाही. खुद्द पाकिस्तानच २०२१ मध्ये ५० टक्के घटीवर आला: १५ टक्के स्वबळावर, ३५ टक्के मदत मिळाली तर.

ढाक्याचे हवामानतज्ज्ञ सलीमुल हक (ते २०२३ मध्ये गेले) या पद्धतीवर वर्षानुवर्षं एकच टीका करत राहिले. विमानाने येऊन विमानाने जाणाऱ्या तज्ज्ञांकडून देशाची क्षमता वाढत नाही. पैसा द्यायचा तर त्या देशातल्या विद्यापीठांना द्या, कारण सरकारं बदलतात, प्रकल्प संपतात, विद्यापीठ राहतं. त्यांनी अतिगरीब देशांच्या विद्यापीठांचा संघही उभा केला. पॅरिस कराराच्या अकराव्या कलमात क्षमताबांधणी देशाच्या गरजेतून व्हावी असं लिहिलेलंच आहे. तरी पैशाचा ओघ फारसा वळला नाही. माझा कयास असा, की देणाऱ्याला प्रकल्पाच्या शेवटी दाखवायला काहीतरी लागतं. अहवाल दाखवता येतो. सांख्यिकी खात्यात टिकून राहिलेला कनिष्ठ अधिकारी दाखवता येत नाही.

आता ‘मदत मिळाली तर’ या शर्तीकडे येऊ, कारण तयारीच्या मदतीची खरी परीक्षा तिथे होते. रवांडाने मे २०२० मध्ये ३८ टक्के घट सांगितली, त्यातली १६ टक्के स्वबळावर, २२ टक्के सशर्त, एकूण खर्च ११ अब्ज डॉलर. केनियाने ६२ अब्ज डॉलरचा अंदाज दिला. भारताने २०१५ मध्येच अडीच लाख कोटी डॉलर म्हटले होते. संयुक्त राष्ट्रांच्या स्थायी वित्त समितीने २०२१ मध्ये अशा गरजा मोजल्या. संकल्पांमध्ये ४,२७४ गरजा सापडल्या, पण किंमत लावलेल्या १,७८२ च. २०२४ च्या दुसऱ्या अहवालाने २०३० पर्यंतची बेरीज ५.१ ते ६.८ लाख कोटी डॉलरवर नेली, म्हणजे वर्षाला ४५५ ते ५८४ अब्ज. त्याच वर्षी बाकूच्या हवामान परिषदेत श्रीमंत देशांच्या पुढाकाराने द्यायचे ठरले वर्षाला ३०० अब्ज, तेही २०३५ पर्यंत. श्रीमंत देशांचं आधीचं, वर्षाला १०० अब्जांचं वचन २०२० ऐवजी २०२२ मध्ये पुरं झालं होतं, तोही हिशेब देणाऱ्यांचाच.

म्हणजे देशागणिक दोन-चार लाख डॉलर खर्चून श्रीमंत देशांनी गरीब देशांकडून गरजांची सविस्तर यादी करवून घेतली, आणि यादी हातात आल्यावर पाकीट उघडायची वेळ आली तेव्हा नजर दुसरीकडे वळवली. लग्नाच्या याद्या करताना उत्साहाने पुढे असणारा आणि खर्चाच्या दिवशी न दिसणारा पाहुणा आपल्याकडे घरोघरी ठाऊक असतो. अर्थात गरीब देशांच्या याद्याही सगळ्या निर्मळ नाहीत. ‘काहीच केलं नाही तर’ होणारं उत्सर्जन फुगवून धरलं, की घटही आपोआप मोठी दिसते. इथिओपियाचं २०१० चं उत्सर्जन १५ कोटी टन होतं. २० वर्षांत ते ४० कोटी होईल या गृहीतावर ते ६४ टक्के उभे आहेत. हे गृहीत बरोबर की चूक, हे तपासणारं कोणी देशातच असेल तर बाहेरच्याने शंका घेण्याआधी दुरुस्ती होते.

तिसऱ्या फेरीची मुदत होती १० फेब्रुवारी २०२५. त्या दिवसापर्यंत १९५ पैकी जेमतेम १३ संकल्प आले होते. मुदत सप्टेंबरपर्यंत सैल करण्यात आली, तेव्हा कुठे ६४ झाले, आणि त्यांत जगाच्या उत्सर्जनाचा सुमारे ३० टक्केच भाग येत होता. उशीर गरिबांनीच केला असं मात्र नाही. युरोपीय संघाचा आकडा बेलेमची हवामान परिषद तोंडावर आल्यावर, नोव्हेंबरमध्ये निघाला. दरम्यान अमेरिकेने पॅरिस करारातून पुन्हा अंग काढलं, हरित हवामान निधीला देऊ केलेले चार अब्ज डॉलर रद्द केले, दक्षिण आफ्रिकेच्या योजनेतूनही हात काढून घेतला आणि परदेशी मदतीची आपली ‘यूएसएड’ ही संस्थाच मोडीत काढली. आफ्रिका आणि आशियातल्या कित्येक हवामान कचेऱ्यांत तज्ज्ञांचे पगार अशाच प्रकल्पांतून निघत. ज्या देशाचा हिशेब अशा पगारावर चालत होता, तिथे तो किती दिवस चालेल हे सांगायला नको.

या सगळ्यात भारताची जागा विचित्र आहे. परिषदेच्या व्यासपीठावर तो मागणाऱ्यांचा वकील असतो, आणि ती वकिली रास्तही आहे. पण भातखाचरांतला मिथेन कसा मोजावा, शंभर संस्थांत काम वाटून राष्ट्रीय अहवाल कसा करावा, हे त्याला वीस-तीस वर्षांपासून ठाऊक आहे, आणि बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका यांची शेतं, गुरं आणि चुली आपल्यासारख्याच आहेत. केप टाऊनने चिलीसाठी जे केलं ते दिल्लीने किंवा पुण्याने काठमांडूसाठी करायला पैशापेक्षा इच्छा जास्त लागेल. सौरऊर्जेसाठी भारताने आंतरराष्ट्रीय आघाडी उभारली, उत्सर्जनाच्या हिशेबासाठी तसं काही उभं राहिलेलं नाही. आणि वेळेच्या बाबतीत शिकवणी उलटीही होऊ शकते: नेपाळने आपला तिसरा संकल्प मे २०२५ मध्ये दिला, भारताचा बेलेमची परिषद उठली तरी आलेला नव्हता.